सरपंचपदाच्या उमेदवाराला वाडीचा प्रश्न कसा विचारावा

कोकणात उमेदवाराकडे जातीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: "आमच्या गावात तसलं काही नाही, सगळे आपलेच." पुढे बोलणंच खुंटतं. म्हणून प्रश्नात वाडी आणि रक्कम घाला. इथे बौद्धवाडी, गुरववाडी, कोळीवाडा, मोहल्ला वेगवेगळे वसलेत. कुणाच्या वाट्याला काय आलं ते चालत गेलं तरी दिसतं. (डिसेंबर 2020 मध्ये सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. पाटी बदलली म्हणून नळाला पाणी येत नाही.)

तयारी मतदानाच्या दोन महिने आधी धरा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले (घरपट्टीसारख्या स्वतःच्या वसुलीतले) 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. मागच्या तीन वर्षांचा हा खर्च माहिती अधिकारात मागवा: अर्जाला 10 रुपये, उत्तराला 30 दिवस. "सर्व माहिती द्यावी" लिहिलंत की मोघम म्हणून टोलवतात. वर्ष, योजना, कामाचं ठिकाण, मंजूर रक्कम, झालेला खर्च, एवढंच नेमकं मागा.

मग कागद घेऊन वाडीत फिरा. घोळ बहुधा 'ठिकाण' याच रकान्यात निघतो. पाखाडी (चिऱ्यांची पायवाट) कागदावर बौद्धवाडीची. प्रत्यक्षात चिरे रस्त्यापासून भलत्याच कुणाच्या खळ्यापर्यंत येऊन थांबलेले, पुढे वाडीपर्यंत चिखल.

आता उमेदवाराला सभेत विचारायचा प्रश्न. समजा स्वउत्पन्न 4 लाख. "15 टक्क्यांचे 60,000 होतात, खर्च दिसतो 22,000. उरलेले 38,000 कुठल्या वाडीत, कुठल्या कामाला लावणार?" याला 'सगळे आपलेच' हे उत्तर बसत नाही. हा प्रश्न बौद्धवाडीतल्याच माणसाने विचारला तर "तुमचं नेहमीचंच" म्हणून उडवतात. कुणबीवाडीतल्या कुणाला तरी वाचायला सांगा.

स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत, पण उत्तर द्यायला नवराच पुढे सरसावतो. तिथे हसत थांबवायचं: "भावोजी, अर्ज वहिनींचा आहे." वहिनींना विचारा, ग्रामसभेआधीची महिला सभा किती वाजता घेणार? सकाळी अकराला ठेवली तर मासळी विकायला गेलेली कोळीवाड्यातली एकही बाई येणार नाही, आणि कोरम मात्र सह्यांवर भरेल.

शिमग्यात पालखी कुणी उचलायची, कुठल्या वाडीत न्यायची हा मानाचा वाद उमेदवाराच्या सभेत काढू नका. दुखणं खरं आहे, पण ते सरपंचाच्या सहीने सुटत नाही आणि सभा तिथेच फुटते. "जातीचं राजकारण करताय" असं कुणी म्हणालंच, तर जातीच्या नावावर मत मागणं आचारसंहितेत बसत नाही, वाडीच्या पैशाचा हिशोब मागायला मात्र आडकाठी नाही, एवढं सांगून पुढचा प्रश्न घ्या.

उत्तरं वहीत शब्दशः उतरवा, तारीख घाला, उमेदवारासमोरच वाचून दाखवा. "बघू" म्हणाला असेल तर "बघू" असंच लिहा.