शार्ल आझ्नावूर यांची गाणी कशी ऐकावीत

फ्रान्सबाहेरच्या बहुतेक श्रोत्यांची फ्रेंच गायक आणि गीतकार शार्ल आझ्नावूर यांच्याशी पहिली ओळख 'शी' या इंग्रजी गाण्यातून होते. एका ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेसाठी तयार झालेले हे गाणे 1974 मध्ये ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. पुढे 1999 मध्ये 'नॉटिंग हिल' या चित्रपटामुळे, एल्व्हिस कॉस्टेलो यांच्या आवाजात, ते नव्या पिढीपर्यंतही पोहोचले. या गाण्यापासून सुरुवात करण्यात गैर काही नाही. मात्र तेथेच थांबल्यास आझ्नावूर म्हणजे व्हायोलिनच्या साथीवर गोड प्रेमगीते गाणारा एक सभ्य गायक, एवढीच समजूत पक्की होते आणि ती अपुरी आहे. 'शी'ची चाल त्यांची असली तरी शब्द हर्बर्ट क्रेट्झमर यांचे आहेत आणि ते मुळात इंग्रजीतच लिहिले गेले. आझ्नावूर यांची खरी ताकद शब्दांत होती, आणि ते शब्द फ्रेंच होते. म्हणून त्यांचे कोणतेही गाणे ऐकण्यापूर्वी ते प्रथम कोणत्या भाषेत लिहिले गेले, त्या भाषेतले शब्द कोणाचे आणि चाल कोणाची, हे पाहून घ्यावे. तबकडीच्या वेष्टनावर किंवा गाण्याच्या नोंदीत ही माहिती बहुधा असते. त्या नोंदीत कधी मूळ गीतकार आणि भाषांतरकार ही दोन्ही नावे एकापुढे एक दिलेली असतात. त्यांतले कोणते नाव कोणत्या भाषेचे, हे ओळखले की अर्धे काम झाले.

चरित्राचा तपशील किती घ्यावा, हा पुढचा प्रश्न. गाणी समजून घ्यायची असतील तर लग्ने, मोटारी आणि करासंबंधीचे वाद बाजूला ठेवता येतात. बालपण आणि पहिली वीस वर्षे मात्र ठेवता येत नाहीत. 22 मे 1924 रोजी पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. आडनाव आझ्नावूरियान, कुटुंब आर्मेनियन. आईच्या माहेरची माणसे ऑटोमन साम्राज्यातील नरसंहारात मारली गेली होती, आणि आईवडील अमेरिकेला जाण्याच्या परवान्याची वाट पाहत पॅरिसमध्ये थांबलेले असताना मुलगा जन्मला. वडील गात असत, आई नाटकांत काम करी, आणि घरची भाषा आर्मेनियन होती. नवव्या वर्षाच्या सुमारास मुलगा रंगमंचावर आला आणि शाळा लवकरच सुटली. जर्मन फौजा पॅरिसमध्ये असताना या कुटुंबाने ज्यूंना आणि इतर फरारी लोकांना घरात लपवले होते. त्याबद्दल शार्ल आणि त्यांची मोठी बहीण आयदा यांचा 2017 मध्ये इस्राएलमध्ये गौरव झाला.

त्यानंतरचा काळ चरित्रलेखक बहुधा घाईने ओलांडतात, पण श्रोत्याने तेथे थांबावे. पिएर रोश या पियानोवादकाबरोबर आझ्नावूर यांची जोडी होती. 1946 मध्ये प्रख्यात फ्रेंच गायिका एदित पियाफ यांनी या दोघांना ऐकले आणि आपल्या दौऱ्यांत सामील करून घेतले. पुढे कॅनडातील क्वेबेक प्रांतात या जोडीने चांगले नाव कमावले. मात्र पॅरिसमध्ये गायक म्हणून आझ्नावूर यांना कोणी फारसे स्वीकारीत नव्हते. आवाज घोगरा, उंची जेमतेम एक मीटर साठ सेंटिमीटर, चेहरा नायकाचा नव्हे. समीक्षकांनी या तिन्हींवर निर्दयपणे लिहिले. त्या वर्षांत त्यांनी गाणी लिहिली ती बरीचशी इतरांसाठी: पियाफ यांच्यासाठी आणि ज्युलिएत ग्रेको या गायिकेसाठी. दुसऱ्याच्या तोंडी शोभेल असे गाणे लिहायचे म्हणजे आधी ते म्हणणारे माणूस उभे करावे लागते, आणि माझ्या मते त्यांच्या सर्व कामाची किल्ली येथेच आहे. 'मी' असे म्हणत त्यांनी गायिलेल्या गाण्यांतला 'मी' हा बहुतेक वेळा एक पात्र असतो.

याची खात्री करून घेण्यासाठी 'ज म व्हुआये देजा' हे गाणे आधी ऐकावे. डिसेंबर 1960 मध्ये पॅरिसच्या अल्हांब्रा नाट्यगृहात त्यांनी ते सादर केले आणि त्या रात्रीपासून ते फ्रान्समध्ये पहिल्या श्रेणीचे गायक ठरले. गाण्यातला माणूस कोण, तर कधीच यशस्वी न झालेला, वय उलटून गेलेला एक गायक, जो अजूनही सगळा दोष नशिबाला आणि प्रेक्षकांना देतो. स्वतःच्या यशाच्या रात्री अपयशी गायकाची भूमिका घेणे हा धाडसी निर्णय होता. त्याच वर्षीचे 'त्यू त लेस आले' हे गाणेही ऐकावे. त्यात दारू प्यायलेला नवरा बायकोला, ती आता पूर्वीसारखी नीटनेटकी राहत नाही, असे टोचून बोलतो आणि शेवटी तिच्याच कुशीत येऊ पाहतो. आजच्या श्रोत्याला हे गाणे खटकेल, आणि खटकावेच. पण प्रेमगीताच्या चौकटीत असा नवरा आणून उभा करणारा माणूस केवळ गोडवा विकत नव्हता, हे त्यातून कळते.

आता मुख्य अभ्यासाकडे येऊ. आझ्नावूर यांनी फ्रेंचबरोबर इंग्रजी, इटालियन, स्पॅनिश आणि जर्मन या भाषांत सातत्याने ध्वनिमुद्रणे केली, आणि तीही अनेकदा त्याच गाण्यांची. त्यामुळे त्यांची कारकीर्द वर्षांच्या क्रमाने ऐकण्यापेक्षा एकच गाणे दोन किंवा तीन भाषांत ऐकणे अधिक फलदायी ठरते. यासाठी 1964 चे 'इए आंकोर' सर्वांत सोयीचे आहे. त्याचेच इंग्रजी रूप म्हणजे 'यस्टर्डे, व्हेन आय वॉज यंग', आणि ते शब्द पुन्हा क्रेट्झमर यांचे. हे क्रेट्झमर मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, व्यवसायाने पत्रकार. पुढे 'ले मिझेराब्ल' या संगीतनाट्याच्या लंडनमधील प्रयोगासाठी इंग्रजी गीते त्यांनीच लिहिली.

आधी फ्रेंच गाणे अर्थ न पाहता दोनदा ऐकावे, मग शब्द समोर ठेवून पुन्हा ऐकावे. फ्रेंच गाण्याची सुरुवात एका ठाम आकड्याने होते: कालपर्यंत मी वीस वर्षांचा होतो. सगळे गाणे त्या विसाव्या वर्षाभोवती फिरते आणि शेवटी, ती वीस वर्षे आता कोठे आहेत, या प्रश्नावर थांबते. इंग्रजी गाण्यात विसाचा आकडा सुरुवातीला नाहीच. तेथे आयुष्याची चव जिभेवरच्या पावसासारखी गोड होती, अशी प्रतिमा येते. आणि शेवट प्रश्नावर होत नाही, तर तारुण्यातल्या उधळपट्टीची किंमत चुकवण्याची वेळ आली आहे, या कबुलीवर होतो. चाल तीच, गायक तोच. पण फ्रेंच माणूस हरवलेले शोधतो आहे आणि इंग्रजी माणूस हिशेब मांडतो आहे. हा फरक एकदा कानात बसला की 'भाषांतरित गाणे' ही कल्पनाच बदलते, कारण येथे दोन गीतकारांनी एका चालीवर दोन माणसे उभी केली आहेत. मला स्वतःला फ्रेंच शेवट श्रेष्ठ वाटतो, कारण प्रश्नाला उत्तर नाही हे गाणाऱ्याला ठाऊक आहे. मात्र इंग्रजी रूप कमअस्सल आहे असे म्हणवत नाही. 1969 मध्ये अमेरिकेत रॉय क्लार्क या कंट्री गायकाने ते लोकप्रिय केले, त्यामागे त्या हिशेबाच्या सुराचा वाटा नक्कीच असावा.

येथे एक तारीख लक्षात ठेवावी. 'इए आंकोर' आले तेव्हा आझ्नावूर चाळीस वर्षांचे होते आणि त्यांचा सर्वांत यशस्वी काळ सुरू होता. तारुण्य वाया घालवल्याची खंत करणारा म्हातारा हा त्या क्षणी ते स्वतः नव्हते. पुढे वयाच्या ऐंशीत आणि नव्वदीत त्यांनी हेच गाणे रंगमंचावर गायिले तेव्हा मात्र पात्र आणि गायक यांच्यातले अंतर मिटलेले ऐकू येते, म्हणून तरुणपणीचे ध्वनिमुद्रण आणि उतारवयातील एखादी मैफल, दोन्ही जवळजवळ ठेवून ऐकावीत.

भाषा बदलल्यावर उच्चारात आणि लयीत काय घडते, ते ऐकण्यासाठी 1964 चेच 'क से त्रिस्त व्हनीझ' घ्यावे. याचे फ्रेंच शब्द फ्रांस्वाझ दोरें यांचे, चाल आझ्नावूर यांची. प्रेम संपल्यावर व्हेनिस किती उदास वाटते, असा साधा विषय. इटालियनमध्ये ते 'कोमे त्रिस्ते व्हेनेत्सिया' होते, तर स्पॅनिशमध्ये शीर्षकच 'तुझ्याविना व्हेनिस' अशा अर्थाचे केलेले आहे. फ्रेंच बोलण्यात भर बहुधा शब्दसमूहाच्या शेवटी येतो, त्यामुळे फ्रेंच रूपात ओळ पुढे झुकत जाते आणि शेवटच्या अक्षरावर विसावते. इटालियन शब्द उघड्या स्वरांत संपतात. तेथे तोच आवाज अधिक मोकळा, थोडा अधिक नाट्यमय वाटतो. आझ्नावूर बोलण्याच्या जवळ राहून गातात, ताल वाद्यांकडे सोपवून शब्द किंचित आधी किंवा नंतर टाकतात, आणि ही सवय ते प्रत्येक भाषेत सोबत नेतात. मराठी भावगीतावर कान तयार झालेल्या श्रोत्याला, जेथे चाल शब्दाला वाट करून देते, ही पद्धत परकी वाटणार नाही. इंग्रजीत त्यांचा फ्रेंच ढंग शेवटपर्यंत राहिला. तो दोष मानू नये.

यानंतर प्रेमगीतांच्या कडेला असलेली गाणी ऐकावीत, कारण त्यांच्याशिवाय प्रेमगीतेही नीट कळत नाहीत. 1972 च्या 'कॉम इल दीझ'मध्ये आईबरोबर राहणारा आणि रात्री स्त्रीवेषात कार्यक्रम करणारा एक समलिंगी पुरुष आपले आयुष्य सांगतो. त्या काळात लोकप्रिय गाण्यात असे पात्र चेष्टेसाठीच येत असे, आणि येथे त्याला संपूर्ण सन्मान आहे. त्याआधीचे 1971 चे 'मूरीर देमे' हे विद्यार्थ्यावरील प्रेमामुळे तुरुंगात गेलेल्या आणि पुढे आत्महत्या केलेल्या एका फ्रेंच शिक्षिकेच्या खऱ्या प्रकरणातून आले. ज्यांना केवळ प्रेमगीतच हवे आहे त्यांनी त्याच वर्षीचे 'नों, ज ने रियां उब्लिये' घ्यावे: जुने प्रेमिक अचानक भेटतात, आणि सहा मिनिटांहून अधिक काळ ती भेट कथेसारखी उलगडते. त्याची चाल जॉर्ज गारवारेंत्स यांची. ते आयदाचे पती, म्हणजे शार्ल यांचे मेहुणे, आणि अनेक उत्तम चालींमागे तेच आहेत.

'ला बोएम' हे 1965 चे गाणे मात्र नुसते ऐकू नये, चित्रफितीत पाहावे. शब्द जाक प्लांत यांचे, आणि विषय पॅरिसच्या मोंमार्त्र या भागातल्या गरीब चित्रकाराच्या आठवणींचा. रंगमंचावर आझ्नावूर एक पांढरा रुमाल घेऊन रंग पुसणाऱ्या चित्रकारासारखे हात हलवतात आणि शेवटी तो रुमाल खाली टाकून देतात. शक्य असल्यास वेगवेगळ्या दशकांतल्या दोन चित्रफिती पाहाव्यात: हावभाव ठरलेले असूनही त्यांचा वेग वयानुसार बदललेला दिसतो.

आर्मेनियाशी संबंधित गाणी वेगळी ठेवून ऐकावीत, कारण तेथे पात्राचा आडपडदा नाही. 1970 च्या दशकाच्या मध्यावर आलेले 'इल सों तोंबे' हे नरसंहारातील मृतांविषयी आहे, आणि ते फ्रेंचमध्ये लिहिले गेले, म्हणजे ज्यांना हे ठाऊक नव्हते त्यांच्या भाषेत. 7 डिसेंबर 1988 रोजी आर्मेनियात मोठा भूकंप झाल्यावर त्यांनी फ्रान्समधल्या अनेक कलावंतांना एकत्र आणून 'पूर त्वा आर्मेनी' हे मदतगीत केले. गाणे म्हणून ते फार थोर नाही, पण त्यातून उभ्या राहिलेल्या मदतीमुळे आर्मेनियात त्यांचे स्थान कायमचे बदलले. 2008 मध्ये त्यांना त्या देशाचे नागरिकत्व मिळाले आणि 2009 मध्ये ते स्वित्झर्लंडमध्ये आर्मेनियाचे राजदूत झाले.

त्यांच्या गाण्यांच्या संख्येचे मोठमोठे आकडे वाचनात येतील. हजाराच्या पुढचे कोणतेही आकडे वाचताना त्यात एकाच गाण्याची पाच भाषांतील रूपे वेगळी मोजली आहेत काय, इतरांसाठी लिहिलेली गाणी धरली आहेत काय, हे विचारावे. तसेच त्यांनी आपली प्रसिद्ध गाणी अनेकदा नव्याने ध्वनिमुद्रित केली, त्यामुळे एखाद्या संग्रहात 1965 चे म्हणून दिलेले गाणे प्रत्यक्षात पुढच्या काळातले असू शकते. ध्वनिमुद्रणाचे वर्ष तपासावे. वाद्यमेळातही फरक लगेच कळतो, कारण जुन्या रूपांत आवाज पुढे आणि तंतुवाद्ये मागे असतात.

2024 मध्ये त्यांच्या जीवनावर एक फ्रेंच चित्रपट आला, ज्यात ताहार रहीम यांनी त्यांची भूमिका केली. तो गाणी ऐकून झाल्यावर पाहावा, नाहीतर प्रत्येक गाण्यामागे चित्रपटातला प्रसंग दिसू लागतो. उतारवयातल्या मैफिलींसाठीही वेळ राखून ठेवावा. निरोपाचे दौरे 2006 पासून सुरू झाले आणि निरोप काही झाला नाही. सप्टेंबर 2018 मध्ये ते जपानमध्ये गायिले आणि 1 ऑक्टोबर 2018 रोजी, वयाच्या 94 व्या वर्षी, दक्षिण फ्रान्समधल्या मूरिएस येथे त्यांचे निधन झाले. या शेवटच्या वर्षांतल्या ध्वनिमुद्रणांत लांब सूर तुटतात आणि वरच्या पट्टीतल्या ओळी ते बऱ्याचदा बोलूनच टाकतात, पण शब्दांचा उच्चार शेवटपर्यंत स्पष्ट राहिलेला आहे, आणि फ्रेंच शिकणाऱ्याला ही ध्वनिमुद्रणे तरुणपणच्या तबकड्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.