सायकलचं पॉवर मीटर पेडल मध्येच बंद पडतंय? आधी बॅटरीचे कॉन्टॅक्ट बघा

हे पेडल पायांची ताकद वॅट्समध्ये मोजतं. सिंहगडाच्या चढावर वॅट्सचा आकडा अचानक शून्य होतो, क्षणात परत येतो. दोष बहुतेकदा सेन्सरचा नसतो. हादऱ्याने बॅटरी किंचित हलते आणि वीज तुटते.

पेडलवरचं बॅटरीचं झाकण उघडा. एलआर४४ च्या (अल्कलाइन बटण सेल) दोन बॅटऱ्या असतील तर दोन्ही एकदमच बदला. शक्यतो त्याच आकाराच्या एसआर४४ (सिल्व्हर ऑक्साइड) घ्या, त्यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो.

कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. पावसाळ्यात खडकवासल्याच्या चकरा मारल्या असतील तर हिरवट थर दिसेल. तो लाकडी टूथपिकने खरवडा. पॉलिश पेपर अजिबात नको! मुलामा गेला की गंज लवकर परततो.

कॉन्टॅक्टची पत्ती दबली असेल तर टूथपिकनेच अगदी अर्धा मिलिमीटर उचला. हा सगळ्यात नाजूक भाग: जास्त वाकवलीत तर पत्ती मोडते आणि झाकणच नवं घ्यावं लागतं.

ओ-रिंगला (झाकणाची रबरी कडी) सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, कॉन्टॅक्टला लागू देऊ नका. झाकण बेताने आवळा. मग झिरो ऑफसेट करा (म्हणजे पेडलवर भार नसताना शून्य नव्याने ठरवा) आणि उभं राहून दोन-तीन जोरदार स्प्रिंट मारून बघा.