बुरुजावरचा पिंपळ उपटू नका
श्रमदानाच्या पहिल्या रविवारी मी नवे गमबूट चढवून नवी मुंबईतल्या बेलापूर किल्ल्यावर पोचलो. त्याआधी ‘किल्ला जंक्शन’ हे माझ्यासाठी पाम बीच रोडवरच्या सिग्नलचं नाव होतं, किल्ला डोळ्यांसमोर कधी आलाच नव्हता. बुरुजाच्या सांध्यातून बोटाएवढा पिंपळ डोकावत होता. धरला, ओढला. रोपाबरोबर दोन दगड आणि ओंजळभर चुना खाली आला.

सोबतचे जुने काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “मूळ आतच राहिलंय. पुढच्या पावसात परत फुटेल.” असं रोप आधी कापायचं असतं, मग मूळ मारायचं, आणि तेही जाणकारासमोर. दुसरा मोह सिमेंटचा. चुना मऊ असतो, भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. सिमेंट ती आत कोंडतं, आणि मग दगडाचंच तोंड झडायला लागतं. खाडीकाठी क्षारांमुळे हे जास्तच.

म्हणून नवख्यांनी पहार, कोयता नंतर घ्यावा. आधी वही. ठरलेल्या जागेवरून दर महिन्याला फोटो काढा, चौकटीत मोजपट्टी ठेवा, तारीख आणि दिशा लिहा. रटाळ काम आहे, खरंय. पण तडा वाढतोय की नाही, हे त्याशिवाय कळत नाही. गावठाणातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलाल तर कोणी सांगेल की चिमाजीअप्पांनी किल्ला जिंकल्यास बेल वाहीन असा नवस केला, त्यावरून हे नाव पडलं. मान डोलवा, पण वहीत ‘आख्यायिका’ असंच लिहा, सांगणाऱ्याच्या नावासकट.

ठाण्याचा किल्ला बघायचा हट्ट मात्र धरू नका. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला तो कोट म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. तिथे मुक्कामाला जायचे मार्ग वेगळे!

ठाणे जिल्ह्यात शिलाहारांच्या काळातल्या गद्धेगाळी, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाचा शाप कोरलेले दगड, आढळतात. अक्षरं वाचायला त्यांवर खडू, तेल, पीठ काही फासू नका. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन पुरतं, नाहीतर बाजूने टॉर्च मारा.

आणि परवानगी. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी, पुढचे २०० मीटर नियंत्रित. राज्य-संरक्षित वास्तूंसाठी १९६० चा राज्याचा वेगळा कायदा. मोहीम काढणाऱ्याला पुरातत्त्व विभागाचं पत्र दाखवायला सांगा. “एवढ्याशा साफसफाईला पत्र कशाला?” असं उत्तर आलं तर सरळ घरची लोकल पकडा.

गवत काढायचं ते पावसाळ्यानंतर. आधी काठी आपटा, मग हात घाला. सापांना सुट्टीचा रविवार माहीत नसतो.

माझे ते दोन दगड फोटो काढून, जागा टिपून बुरुजाच्या पायथ्याशी ठेवलेत. चुन्याचं काम जाणणारा गवंडी अजून मिळालेला नाही.