पित्ताशय काढलं, पण नळीचं काय? या चुका टाळा

द्राक्षांच्या छाटणीचा हंगाम ऐन भरात असताना तासगाव तालुक्यातले एक बागायतदार अण्णा माझ्या दवाखान्यात आले, ते अंगाभोवती घोंगडं गुंडाळूनच. हुडहुडी भरून ताप, डोळे पिवळेधमक. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन नऊ महिने झाले होते. मुलानं प्लास्टिकच्या पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढून पुढं केलं. त्यात खालून दुसऱ्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलं होतं की पित्तनलिकेत स्टेंट आहे, सहा आठवड्यांनी काढणे. स्टेंट म्हणजे पित्त वाहतं राहावं म्हणून आत ठेवलेली बारीक नळी.

"अण्णा, ही नळी काढली का?"

"कसली नळी, डॉक्टर? खडं काढलं, आमी म्हणलं झालं काम."

प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. त्यापुढे त्यात गाळ साचतो, पित्त अडतं, जंतू वाढतात आणि ते रक्तात शिरतात. थंडी वाजून ताप, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली दुखणं ही तीन लक्षणं एकत्र आली की उद्या बघू म्हणायला वेळ नसतो. अण्णांना त्याच रात्री मिरजेला हलवलं, दुर्बिणीतून जुनी नळी काढून नवी टाकली. वाचले. पण ही वेळ यायलाच नको होती.

आमच्याकडे सर्रास एक समज आहे की पित्ताशय निघालं म्हणजे पित्ताचं प्रकरण मिटलं. पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी. पित्त तयार होतं यकृतात, दिवसाला अर्धा लिटरहून जास्त, आणि आतड्यात जातं मुख्य पित्तनलिकेतून. ती नळी जन्मभर तिथंच असते. पिशवीतले खडे त्रास देऊ लागलेल्या शंभरांतल्या दहा-पंधरा जणांच्या या नळीतही खडा असतो.

पहिली चूक इथंच होते, ऑपरेशनच्या आधी. सोनोग्राफीत "नळीत खडा दिसला नाही" असं आलं की सगळे निर्धास्त. पिशवीतला खडा सोनोग्राफी छान दाखवते, पण नळीचं खालचं टोक आतड्यातल्या हवेआड लपतं. म्हणून रिपोर्टमध्ये नळीची रुंदी किती लिहिली आहे ते बघा. 6 मिलिमीटरच्या वर असेल, रक्तात बिलिरुबिन किंवा अल्कलाइन फॉस्फटेज वाढलं असेल, मागे कधी कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचे फोटो काढणारी तपासणी, करायची का हे सर्जनना विचारा. एमआरआयच्याच मशीनवर होते, शिरेतून औषध टोचावं लागत नाही, क्ष-किरणही नाहीत. मात्र अगदी बारीक खडा तिच्याही नजरेतून सुटू शकतो. तिथं एंडोस्कोपिक, म्हणजे तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून केलेली, सोनोग्राफी जास्त भरवशाची.

उलट चूकही बघतो. "एकदा ईआरसीपी करूनच टाका की" असा नातेवाईकांचा आग्रह. ईआरसीपी नुसती तपासणी नव्हे. तोंडावाटे दुर्बीण घालून नळीचं तोंड कापतात, खडा ओढून काढतात. शंभरात काही जणांना त्यानंतर स्वादुपिंडाचा दाह होतो. खडा असल्याची दाट शक्यता असेल तरच ती करावी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, मनानं बंद करू नका.

ऑपरेशन चालू असतानाही नळीचा फोटो घेता येतो. अर्जेंटिनाच्या मिरिझी यांनी 1931 साली ही पद्धत सुरू केली. पित्ताशयाला मुख्य नळीशी जोडणाऱ्या छोट्या नळीतून बारीक कॅथेटर घालायचा, आयोडीनचं औषध सोडायचं आणि सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन टेबलापाशी आणता येणाऱ्या क्ष-किरण यंत्रावर, बघायचं. इंटर्नशिपमध्ये मी सी-आर्मपाशी उभा असताना एक जुन्या सिस्टर सिरिंज उभी धरून टिचक्या मारून हवा काढायच्या, आणि शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत सर्जनच्या हातात देत नसत. कारण पडद्यावर बुडबुडा हुबेहूब खड्यासारखा दिसतो. टेबल तिरकं केल्यावर बुडबुडा वर सरकतो, खडा खाली. आणि औषध नुसतं आतड्यात उतरलं म्हणून समाधान मानायचं नसतं. वर यकृतातल्या डाव्या-उजव्या दोन्ही शाखा भरल्या पाहिजेत. वरचा भाग दिसलाच नाही तर छोटी नळी बंद करायची क्लिप चुकीच्या नळीवर बसली की काय, ही शंका त्याच क्षणी यायला हवी.

मुख्य नळीलाच इजा होणं विरळा, दुर्बिणीच्या हजार ऑपरेशनांत तीन ते पाच. सूज फार असेल तेव्हा सर्जननी पोट उघडून ऑपरेशन केलं किंवा पित्ताशयाचा थोडा भाग मागे ठेवला, तर त्याला अपयश समजून भांडू नका. बहुतेकदा तो नळी वाचवण्यासाठी घेतलेला शहाणपणाचा निर्णय असतो.

आता घरी आल्यानंतरचं, आणि यात आम्हा गावाकडच्या डॉक्टरांचीही चूक असते. ऑपरेशनवेळी पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो, तो एक-दोन दिवसांत थांबतो. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट फुगतंय, जेवण नको वाटतंय, नाडी धावतेय, ताप आहे, तर "गॅस झालाय" म्हणत सलाईन लावून घरी पाठवणं घातक. ड्रेनच्या, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढायला ठेवलेल्या नळीच्या, पिशवीत हिरवट-पिवळं पाणी दिसलं तर ते पित्त आहे असंच धरा. गळती बहुधा पित्ताशयाच्या छोट्या नळीच्या टोकातून होते. मग ईआरसीपी करून स्टेंट टाकतात. पित्ताला आतड्याकडे जायची सोपी वाट मिळते आणि छिद्र आपोआप बुजतं. मुख्य नळीच कापली गेली असेल तर मात्र घाईत तिथंच पुन्हा टाके घालण्यापेक्षा ड्रेन ठेवून यकृत-पित्तनलिकेच्या सर्जनकडे पाठवणं रुग्णाच्या हिताचं.

ऑपरेशननंतर कावीळ दिसली की काही घरांत आधी काविळीची माळ घालून आणतात. लघवी काळ्या चहासारखी, शौचाचा रंग शाडूसारखा पांढरट आणि अंगाला खाज, तर ही नळी तुंबल्याची कावीळ आहे. माळेत गेलेले आठ दिवस नळीत पू व्हायला पुरतात.

डिस्चार्ज घेताना ऑपरेशनची नोंद, ईआरसीपीचा कागद आणि काढलेल्या पित्ताशयाचा बायोप्सी रिपोर्ट मागून घ्या. बायोप्सी न्यायला कुणी परत येतच नाही, आणि क्वचित त्यातच कॅन्सर सापडतो. स्टेंट काढायचा खर्च सरकारी आरोग्य योजनेत बसतो का, हे आरोग्यमित्राला तिथंच विचारा.

अण्णांच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर मी लाल पेनानं स्टेंट काढायची तारीख लिहिली, मुलाच्या मोबाइलमध्ये गजर लावून घेतला. आता स्टेंट टाकलेल्या प्रत्येकाच्या फाइलवर तेच करतो. बागेत मण्यांची विरळणी चालू असताना गजर वाजला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बापलेक मिरजेला गेले आणि संध्याकाळी नळी काढल्याचा कागद दाखवायला परस्पर माझ्याकडे आले.