घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवताय? स्पीकर जोडण्याआधी या चुका टाळा

इलेक्ट्रॉनिक्स शिकायला सुरुवात करायची असेल तर अ‍ॅम्प्लिफायर घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. इथे झालेली चूक कानाला कळते आणि दुरुस्तीही कानालाच कळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत एक फेरी मारली की ४४४० चा बोर्ड, टीडीए २०३० चं किट (दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरच्या आयसी, म्हणजे चिप), ट्रान्सफॉर्मर, आयसीची उष्णता काढून घेणारा धातूचा हीटसिंक असं सगळं सामान हाताशी येतं. मात्र पहिला अ‍ॅम्प्लिफायर अडतो तो बहुधा आवाजाच्या सर्किटपाशी नाही, तर पॉवर सप्लाय आणि ग्राउंडपाशी, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या समाईक तारेपाशी. नवशिक्याने आधी तिकडेच लक्ष द्यावं.

१२-० -१२ म्हणजे १२ व्होल्ट नव्हे

सगळ्यात जास्त आयसी या एका गैरसमजापायी जळतात. १२-० -१२ म्हणजे मधली तार शून्य आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट एसीचे असतात. डायोड आणि फिल्टर कपॅसिटरनंतर त्याचे १.४१ पट, म्हणजे जवळजवळ १७ व्होल्ट होतात. डायोडमध्ये थोडे गेले तरी १६ च्या वर उरतात. शिवाय लोड नसताना छोटा ट्रान्सफॉर्मर लिहिल्यापेक्षा जास्तच व्होल्टेज देतो, आणि घरातली लाइन २४० च्या पुढे असली तर आणखी भर पडते.

आता आयसीकडे बघा. एलए ४४४० मुळात गाडीच्या स्टिरिओसाठी बनलेली आयसी. तिला १३.२ व्होल्ट मानवतात आणि चालू असताना १८ ही तिची हद्द आहे. दुहेरी सप्लायवर (ग्राउंडच्या एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे व्होल्ट) टीडीए २०३० ची हद्द अधिक-उणे १८. म्हणजे १२-० -१२ वर दोन्ही अगदी काठावर चालतात, आणि १५-० -१५ लावला तर २०३० गेलीच म्हणून समजा. पहिल्या प्रयोगाला ९-० -९ घ्या. आवाज थोडा कमी मिळेल, पण घरातल्या खोलीला तो पुरून उरतो. दुकानदार ‘मोठाच घ्या, पॉवर जास्त मिळेल’ म्हणाला तरी ऐकू नका. आयसीचा डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक काढून कमाल व्होल्टेजची ओळ वाचायची आणि मगच ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, हा क्रम कधीही मोडू नका.

ट्रान्सफॉर्मरची कोणती बाजू २३० ची, हे नुसत्या वायरच्या रंगावरून ठरवू नका. मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजा: प्रायमरीचा (२३० च्या बाजूचा) रेझिस्टन्स बराच जास्त असतो, सेकंडरीचा (कमी व्होल्टच्या बाजूचा) जेमतेम ओहमभर.

पहिल्यांदा चालू करताना

थेट प्लगमध्ये घालून बटण दाबणं टाळा. इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीज बोर्ड करून घ्या: फेजच्या वायरमध्ये ६० वॅटचा जुना, तारेचा बल्ब. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. सर्किट ठीक असेल तर कपॅसिटर चार्ज होताना बल्ब क्षणभर पेटून मंदावतो. तो लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तेवढ्यात बंद केलंत की आयसी वाचते. प्रायमरीला फ्यूज, धातूच्या पेटीला अर्थिंग आणि २३० च्या प्रत्येक जोडावर स्लीव्ह, यांत तडजोड करू नका. आत हात घालायचा तर प्लग काढूनच.

या वेळी स्पीकर जोडलेला नसावा. आधी सप्लायचे व्होल्ट मोजा. मग दुहेरी सप्लायच्या सर्किटमध्ये आउटपुट आणि ग्राउंड यांच्यात डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट दिसले तर उत्तम, पण दोन-चार व्होल्ट दिसत असतील तर स्पीकरची कॉइल जळू शकते. दोष सापडेपर्यंत स्पीकर लांब ठेवा. पहिली चाचणी जुन्या, स्वस्त स्पीकरवर करा.

मल्टिमीटरचीही एक जुनी खोड आहे. करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात तशीच राहते आणि कुणीतरी त्याच प्रोबने व्होल्ट मोजायला जातं. तो सरळ शॉर्ट असतो. प्रोब कुठे आहे हे दर वेळी बघा.

पत्रा आणि पट्टा

टीडीए २०३० चा धातूचा पत्रा आतून तिसऱ्या पिनला, म्हणजे उणे सप्लायला जोडलेला असतो. हीटसिंक पेटीला टेकला आणि पेटी ग्राउंडला असली की उणे सप्लाय शॉर्ट. मध्ये अभ्रकाचा वॉशर आणि स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश घाला, मग मीटरने खात्री करा. हीटसिंकशिवाय ‘फक्त एक मिनिट’ सुद्धा चालवू नका.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरचा पट्टा उणे बाजू दाखवतो. उलटा लागला तर तो गरम होऊन फुटतो. १६ व्होल्टच्या सप्लायला २५ व्होल्टचा कपॅसिटर घ्या.

४४४० ब्रिजमध्ये लावली असेल (तिचे दोन्ही चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवत असतील) तर स्पीकरच्या दोन्ही तारा आयसीच्या आउटपुटवरून येतात. त्यातली एक ग्राउंडला जोडायची नाही.

घूंऽऽ आवाज येतोय

हम, म्हणजे हाच घूं आवाज, हा नवशिक्यांचा सगळ्यात मोठा छळ, आणि त्यावर उपाय म्हणून सगळं सुटं करून पुन्हा जोडणं ही सगळ्यात मोठी चूक. आधी व्हॉल्यूम शून्यावर न्या. हम गेला तर दोष इनपुटकडे आहे: शिल्डेड वायर (तारेभोवती धातूच्या जाळीचं वेष्टण असलेली) नाही, शिल्ड सुटलंय किंवा व्हॉल्यूम पॉटची (आवाज कमी-जास्त करायच्या कंट्रोलची) धातूची बॉडी ग्राउंडला नाही. पॉटला बोट लावल्यावर आवाज बदलत असेल तर बॉडीचंच कारण धरा.

शून्यावरही हम राहिला तर सप्लाय बघा. १ अँपिअर करंटला २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे साडेचार व्होल्टची लहर सोडतो. ४७०० लावला तर ती दोनच्या आसपास येते. कपॅसिटर पुरेसा असूनही आवाज येत असेल तर ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सैल करून तो हळूहळू फिरवून बघा. हम कमी-जास्त झाला तर तो चुंबकीय मार्गाने इनपुटला शिरतोय. ट्रान्सफॉर्मर लांब न्या.

उरलं ग्राउंड. स्पीकरचा परतीचा करंट आणि इनपुटचं ग्राउंड एकाच बारीक तारेवरून आणलं की त्या तारेतला किरकोळ व्होल्टेजही इनपुटला सिग्नल वाटतो आणि वाढून बाहेर येतो. म्हणून फिल्टर कपॅसिटरजवळ एकच बिंदू ठरवा आणि स्पीकर, बोर्ड, इनपुट यांची ग्राउंडची तार तिथे वेगवेगळी आणा.

आणि आवाज कधी येतो, कधी जातो, बोर्ड दाबला की परत येतो, असं असेल तर आयसी बदलायला धावू नका. तो ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका आहे. टाका चकचकीत आणि तळाशी पसरलेला हवा, गोळीसारखा नको. २५ वॅटचा आयर्न पिन आणि कॉपर दोन्हींना एकदम टेकवा, सोल्डर जोडावर द्या, आयर्नच्या टोकावर नाही. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते) रोझिनचाच घ्या. नळाच्या जोडांसाठी मिळणारी आम्लाची पेस्ट काही महिन्यांत कॉपर खाऊन टाकते.