अर्ज देण्याआधी निवृत्तीची रंगीत तालीम

स्वेच्छानिवृत्तीचा विचार मनात घोळत असेल, तर अर्ज देण्याआधी सलग महिनाभर अर्जित रजा घ्या आणि कुठेही न जाता घरीच राहा. सरकारी नोकरीत निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त ३०० दिवसांच्या रजेचे रोखीकरण होते, म्हणून लोक रजा जिवापाड जपतात. त्यातले तीस दिवस इथे खर्ची पडले तरी चालतील.

त्या महिन्याचा घरखर्च अंदाजे पेन्शनइतक्याच रकमेत भागवा. पहिला आठवडा सुट्टीसारखा जातो, तो धरू नका. कस लागतो तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी अकराला: पेपर वाचून झालाय, फोन वाजत नाही आणि स्वयंपाकघरातल्या तुमच्या लुडबुडीला घरचे वैतागलेत. (वैतागणारच, त्यांचीही तालीमच चाललेली असते.) तेव्हा काय करावंसं वाटतं, ते लिहून ठेवा. काहीच सुचलं नाही, तर आधी ते शोधा. ग्रंथालय, शिकवणी, सोसायटीचे हिशेब, काहीही चालेल, पण वार ठरलेला हवा आणि तिथे कुणीतरी तुमची वाट पाहणारं हवं.

खासगी नोकरीत ईपीएसची (कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन किमान १० वर्षांच्या सेवेनंतर, ५८ व्या वर्षी मिळते. पन्नाशीनंतर ती लवकरही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांची दरसाल ४ टक्के कपात, आणि ती कायमची. उलट ६० पर्यंत थांबलात, तर वर्षाला ४ टक्के वाढ. त्यामुळे पंचावन्नाव्या वर्षी नोकरी सोडलीत, तरी पेन्शनचा दावा लगेच करायलाच हवा असं नाही.