लिनक्स मिंटवर खालची पट्टी आणि ॲपचे आयकॉन आपल्याला हवे तसे कसे करायचे

आईच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून दिलं, सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपवालं, आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन, की आयकॉन बारीक दिसतात आणि कुठलं कशाचं ते कळत नाही. बरोबरच होतं तिचं. चित्र ओळखीचं आणि नाव मराठीत असलं की तिला कुणाला विचारावं लागत नाही, म्हणून एक रविवार बसून सगळं लावून दिलं, तेच इथे लिहितोय.

आधी खालची पट्टी म्हणजे पॅनल. रिकाम्या जागेवर राइट क्लिक करून पॅनल सेटिंग्ज उघडा, तिथे उंचीचा स्लायडर आहे, मुळात 40 असते, मी 54 केली. तिथेच डावा, मधला आणि उजवा अशा तीन भागांच्या आयकॉनचा साइज वेगवेगळा ठेवता येतो, म्हणजे ॲप मोठे दिसतील आणि घड्याळाकडचे छोटे आयकॉन आहेत तसेच राहतील. रोजचं ॲप पट्टीवर कायम हवं असेल तर ते एकदा उघडा, पट्टीवरच्या त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून पिन करा, मग ओढून हवा तो क्रम लावा. घड्याळ, वायफाय वगैरे हलवायचं तर पॅनल एडिट मोड ऑन करा, आणि काम झालं की आठवणीने ऑफ करा.

सगळे आयकॉन एकदम बदलायचे तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून पपायरस नावाची आयकॉन थीम घ्या आणि सेटिंग्जमध्ये थीम्समध्ये जाऊन ती निवडा. मला हीच आवडते, रंग ठसठशीत आहेत, लांबूनही ओळखू येतात.

आता खरं महत्त्वाचं, एकाच ॲपचा आयकॉन किंवा नाव बदलणं. मेनूत दिसणाऱ्या प्रत्येक ॲपमागे एक छोटी टेक्स्ट फाईल असते जिच्या नावाच्या शेवटी डॉट डेस्कटॉप असतं, त्यात नाव, आयकॉन आणि कुठली कमांड चालवायची एवढं लिहिलेलं असतं. सिस्टीमच्या फोल्डरमधली मूळ फाईल कृपया बदलू नका, कारण ॲपचं अपडेट आलं की ती पुन्हा पहिल्यासारखी होते आणि तुमची मेहनत वाया. त्यापेक्षा मेनूच्या बटणावर राइट क्लिक, कॉन्फिगर, तिथून मेनू एडिटर उघडा, ॲप निवडून प्रॉपर्टीजमध्ये जा आणि चित्रावर क्लिक करून नवीन चित्र द्या. मेनू एडिटर तुमच्या होम फोल्डरमध्ये वेगळी कॉपी करतो आणि सिस्टीम आधी तीच वाचते. नाव सरळ देवनागरीत टाका, चालतं. आईसाठी मी हिशोबाची एक्सेलसारखी फाईल थेट उघडणारा नवीन लाँचर केला आणि नाव दिलं ‘घरखर्च’.

चित्र एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं) असेल तर उत्तम, नाहीतर 256 पिक्सेलचं पीएनजी घ्या, आणि डाउनलोड्समध्ये ठेवू नका, तिथली साफसफाई केली की आयकॉन गायब. डॉट डेस्कटॉप फाईल हाताने लिहित असाल तर आयकॉनचा पूर्ण पत्ता लिहा, होम फोल्डरसाठी वापरतात ते नागमोडी चिन्ह तिथे चालत नाही.

एक गोष्ट मात्र खूप डोकं खाते, विशेषतः ॲपइमेजच्या (इन्स्टॉल न करता एकाच फाईलमधून थेट चालणाऱ्या ॲपच्या) बाबतीत. पिन केलेल्या आयकॉनवर क्लिक केलं की ॲप उघडतं पण पट्टीवर शेजारी दुसराच आयकॉन येतो, कारण ही उघडलेली खिडकी त्याच लाँचरची आहे हे पट्टीला ओळखता येत नाही. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) एक्सप्रॉप (xprop) कमांड चालवा, कर्सर अधिक चिन्हासारखा होईल, मग त्या ॲपच्या खिडकीवर क्लिक करा. जे काय येईल त्यात डब्ल्यूएम क्लासची (WM_CLASS) ओळ शोधा, तिथे दोन नावं असतात, त्यातलं दुसरं घ्या. आता होम फोल्डरमध्ये कंट्रोल एच दाबून लपलेले फोल्डर दाखवा, डॉट लोकल, मग शेअर, मग ॲप्लिकेशन्स, तिथली त्या ॲपची डॉट डेस्कटॉप फाईल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि स्टार्टअपडब्ल्यूएमक्लास (StartupWMClass) अशी ओळ टाका, इंग्रजीत, सलग, एस, डब्ल्यू, एम आणि सी कॅपिटल, पुढे बरोबरचं चिन्ह आणि ते नाव जसंच्या तसं. सेव्ह करून लॉगआउट, लॉगिन. तरीही दोन आयकॉन दिसले तर जुना पिन काढा आणि ॲप मेनूतून उघडून नव्याने पिन करा.